साडेबारा ग्रॅमची मोजणी: राज्य रक्त संक्रमण परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राज्य रक्त संक्रमण परिषद, महाराष्ट्र राज्य, मुंबई.



रक्तदात्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे, म्हणजे लाल पेशींमधून प्राणवायू वाहून नेणाऱ्या लोहयुक्त प्रथिनाचे प्रमाण दर शंभर मिलिलिटरला किमान १२.५ ग्रॅम असले पाहिजे, अशी अट राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या दातानिवड मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि मार्च २०२० मध्ये सुधारलेल्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतही ती आहे. रक्तदानाच्या प्रत्येक शिबिरात पहिल्या टेबलावर कोण आत जाणार आणि कोण परत फिरणार, हे बहुतांशी या एका आकड्यावर ठरते. एवढा भार ज्या आकड्यावर आहे, तो कोणत्या साधनाने, कोणाच्या हातून आणि कोणत्या हवामानात मोजला जातो, याची चर्चा मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी होत नाही. मुठीत मावणारी, बॅटरीवर चालणारी आणि काही सेकंदांत दशांशासह आकडा दाखवणारी हिमोग्लोबिनमापक यंत्रे आता शिबिरांत रुळू लागली आहेत. अशी यंत्रे मान्य करण्यापूर्वी किंवा त्यांचा दरकरार करण्यापूर्वी परिषदेने त्यांची पारख मानवतसारख्या तालुक्याच्या गावी, तिथल्या उन्हाळ्यात आणि तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हातून करून घ्यावी आणि तिचा निकाल लोकांपुढे ठेवावा, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र आहे.

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. गावातील ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणात रक्तस्राव झाला किंवा कल्याण-निर्मल महामार्गावर अपघात झाला, तर रक्तासाठी तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या परभणीकडेच पाहावे लागते, आणि परभणीच्या रक्तकेंद्रांतील साठा ज्या शिबिरांवर उभा राहतो, ती अशाच गावांत भरतात. शिवजयंती फेब्रुवारीत, डॉ. आंबेडकर जयंती एप्रिलच्या मध्यात आणि गणेशोत्सव पावसाच्या दमट दिवसांत येतो, म्हणजे शिबिरांचे वेळापत्रक समाजाच्या उत्सवांनी ठरते, यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेल्या तापमानाने नव्हे. मंगल कार्यालयाच्या पत्र्याखाली किंवा कापडी मांडवात एप्रिलच्या दुपारी काय तापमान असते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

या मोजणीतली चूक दोन प्रकारची असते आणि दोन्ही चुकांची किंमत वेगवेगळ्या माणसांना मोजावी लागते. पहिली चूक म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या दात्याला पात्र ठरवणे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या व्यक्तीने ३५० मिलिलिटर रक्त दिले की तिच्या शरीरातून सुमारे १५० मिलिग्रॅम लोह एकदम बाहेर जाते, आणि निरोगी शरीर रोजच्या आहारातून साधारणपणे एक-दोन मिलिग्रॅम लोहच शोषून घेत असल्याने ही तूट भरून यायला महिने लागतात. पुरुषांना दोन दानांमध्ये तीन महिन्यांचे आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर सांगितले आहे ते याच कारणासाठी. मुळातच लोहाचा साठा रिकामा असलेल्या स्त्रीकडून रक्त घेतले गेले, तर तिला चक्कर येणे ही त्यातली सर्वात किरकोळ गोष्ट होय. पुढच्या गर्भारपणात तिला याहून मोठी किंमत द्यावी लागू शकते. दुसरी चूक म्हणजे धडधाकट दात्याला परत पाठवणे. ‘एचबी कमी आहे’ एवढेच ऐकून परतलेला तरुण पुन्हा शिबिरात येण्याची शक्यता कमी होते, आणि पहिल्यांदाच धीर करून आलेली मुलगी तर बहुधा येतच नाही. आपल्याकडे रक्तदात्यांत स्त्रियांचे प्रमाण आधीच अत्यल्प आहे. रक्त न मिळालेला रुग्ण या दुसऱ्या चुकीच्या टोकाला असतो, फक्त तो शिबिरात कोणाला दिसत नाही. तरीही या दोन चुकांना सारखे वजन देता येणार नाही. दाता स्वेच्छेने, कसलाही मोबदला न घेता आलेला असतो, आणि त्याला इजा होऊ न देणे हे रक्तसंकलन करणाऱ्या व्यवस्थेचे पहिले कर्तव्य आहे.

जुनी पद्धत मोरचुदाची. फळबागांवर फवारण्यासाठी शेतकरी वापरतात त्याच मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, १.०५३ विशिष्ट गुरुत्व असलेले निळे द्रावण काचेच्या भांड्यात घेतात आणि बोटातील रक्ताचा एक थेंब साधारण एक सेंटिमीटर उंचीवरून त्यात सोडतात. थेंब पंधरा सेकंदांत सरळ बुडाला, तर त्याची घनता द्रावणापेक्षा जास्त, अर्थात हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून अधिक. थेंब तरंगला किंवा मध्येच घुटमळून वर आला, तर कमी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही युक्ती आजही जगातील अनेक देशांत चालते, कारण तिला वीज लागत नाही, ती स्वस्त आहे आणि शिकायला सोपी आहे. तिचे दोषही माहीत आहेत. ती होय किंवा नाही एवढेच सांगते, आकडा देत नाही. थेंबात हवेचा बुडबुडा शिरला तर चांगले रक्तही तरंगते. रक्तात प्रथिने वाढलेली असतील तर हिमोग्लोबिन कमी असूनही थेंब बुडतो. उघड्या भांड्यातील पाणी उन्हाने उडून गेले तर द्रावण दाट होऊन धडधाकट दातेही नापास होतात. साधारण पंचवीस चाचण्यांनंतर द्रावण बदलले पाहिजे, हा नियम गर्दीच्या शिबिरात किती पाळला जातो, हे परिषदेच्या तपासणी अधिकाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पण दोष माहीत असलेले साधन आणि दोष अजून तपासलेच नाहीत असे साधन यांत दुसरे आपोआप श्रेष्ठ ठरत नाही.

हातातील यंत्रे एका जातीची नाहीत, म्हणून ‘डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर’ या एकाच नावाखाली त्यांची खरेदी होणे धोक्याचे आहे. स्वीडनच्या हिमोक्यू कंपनीचे ‘हिमोक्यू २०१’ हे यंत्र सुमारे दहा मायक्रोलिटर रक्त एका पातळ प्लॅस्टिकच्या कुपीत, म्हणजे क्युव्हेटमध्ये, ओढून घेते. कुपीच्या आत सुकवलेली रसायने असतात. ती लाल पेशी फोडतात, हिमोग्लोबिनचे रूपांतर अॅझाइड-मेटहिमोग्लोबिन या रंगीत संयुगात करतात, आणि त्यातून किती प्रकाश शोषला गेला यावरून यंत्र आकडा काढते. रसायने ओलाव्याला आणि उष्णतेला हळवी असल्याने या कुप्या १५ ते ३० अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात आणि डबी उघडल्यावर तीन महिन्यांत संपवाव्या लागतात. त्याच कंपनीच्या ‘३०१’ या यंत्राच्या कुपीत रसायनच नसते, ते रक्ताचा प्रकाशशोष थेट मोजते, त्यामुळे त्याच्या कुप्या उष्णतेत अधिक टिकाव धरतात. तिसऱ्या जातीची यंत्रे रक्तातील साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरसारख्या कागदी पट्ट्यांवर चालतात, आणि चौथ्या जातीची यंत्रे सुई न टोचता बोटातून प्रकाश पाठवून अंदाज बांधतात. ठाण्याच्या बायोसेन्स या कंपनीच्या तरुण डॉक्टर-अभियंत्यांनी या दिशेने केलेल्या ‘टचएचबी’ या प्रयत्नाकडे मागील दशकात देशाबाहेरही लक्ष गेले होते. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली डबी, गाडीच्या डिकीतून आलेली पेटी आणि दिवसभर उघडझाप होणारे झाकण यांचा परिणाम या चारही जातींवर सारखा होणार नाही. माहितीपत्रकातील अचूकता प्रयोगशाळेच्या वातानुकूलित खोलीत, अनेकदा शिरेतून घेतलेल्या नमुन्यावर सिद्ध झालेली असते, तर मानवतच्या शिबिरात मोजला जातो तो बोटाचा थेंब.

बोटाचा थेंब हाच या साखळीतील सर्वात कच्चा दुवा आहे. मधल्या किंवा अनामिकेच्या पेराच्या कडेला सुई टोचायची, त्याआधी लावलेले स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचे, पहिले एक-दोन थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचे, त्यानंतरचा थेंब आपोआप टपोरा होऊ द्यायचा आणि कुपी त्याला एकदाच टेकवून सलग भरू द्यायची, कुपीच्या बाहेर लागलेले रक्त पुसायचे, आत बुडबुडा नाही ना हे उजेडात धरून पाहायचे, एवढे सगळे झाल्यावर यंत्राचा खण बंद करायचा. रांग लांबली की यातले काय गळते, ते सांगणे अवघड नाही. थेंब येत नाही म्हणून बोट दाबले की पेशींबाहेरचा पातळ द्रव रक्तात मिसळतो आणि आकडा खाली येतो; अर्धवट भरलेली कुपी दुसऱ्या थेंबाने पुरी केली की आकडा कुठेही जाऊ शकतो. दात्याच्या शरीराचाही यात वाटा आहे. उन्हातून चालत आलेल्या आणि सकाळपासून पाणी न प्यायलेल्या माणसाचे रक्त दाट होऊन त्याचे हिमोग्लोबिन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, आणि बराच वेळ उभे राहिल्यावर घेतलेला आकडा आडवे पडून घेतलेल्या आकड्यापेक्षा वर असतो. म्हणूनच मूल्यमापनात दाता किती वेळ बसला होता आणि खोलीचे तापमान किती होते, या दोन साध्या नोंदी नसतील, तर बाकीचे आकडेशास्त्र कितीही सुबक असले तरी अपुरे राहील.

मोजण्याची पद्धत बदलली की तीच लोकसंख्या वेगळी दिसते, हा अनुभव देशाने नुकताच घेतला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना आणि २१.९ टक्के पुरुषांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ही मोजणी बोटाच्या थेंबावर, हिमोक्यू यंत्राने झाली होती. शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासणाऱ्या सर्वेक्षणांतून निघालेले प्रमाण कमी येत असल्याने वाद झाला, आणि पुढच्या फेरीतून ही मोजणी काढून शिरेच्या रक्तावर आधारलेल्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे ती देण्याचा निर्णय झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिरेतील रक्त, स्वयंचलित रक्तपेशीगणक यंत्र आणि काटेकोर गुणवत्ता नियंत्रण यांची शिफारस केली. लोकसंख्येच्या सरासरीत बोटाच्या थेंबाने एवढा गोंधळ घातला असेल, तर एका दात्याच्या बाबतीत १२.४ आणि १२.६ यांतला फरक यंत्राच्या पडद्यावरून किती विश्वासाने वाचावा, याचा विचार व्हायला हवा.

मूल्यमापनाचा गाभा इथे आहे. यंत्र आणि प्रयोगशाळा यांच्या आकड्यांचा सहसंबंध ०.९ च्या वर आहे, एवढे सांगून अनेक अहवाल थांबतात; परंतु सहसंबंध म्हणजे दोन आकडे एकत्र वर-खाली होतात एवढेच, ते एकमेकांशी जुळतात असे नव्हे. प्रत्येक दात्यामागे सातत्याने एक ग्रॅम जास्त दाखवणाऱ्या यंत्राचाही सहसंबंध उत्तमच येईल. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञांनी १९८६ मध्येच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे दाखवून दिले आणि सरासरी फरक किती व तो फरक बहुसंख्य दात्यांत किती रुंद पट्ट्यात पसरतो, हे पाहण्याची पद्धत रूढ केली. बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या यंत्रांत हा पट्टा अनेक अभ्यासांत एक ग्रॅम वर आणि एक ग्रॅम खाली असा किंवा त्याहूनही रुंद आढळतो. याचा अर्थ, प्रत्यक्षात ११.८ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली स्त्री यंत्रावर १२.६ दिसणे ही यंत्र बिघडल्याची खूण नव्हे, यंत्र चांगले चालत असतानाही हे घडू शकते.

दातानिवडीसाठी त्याहून महत्त्वाची दोन मापे आहेत. हिमोग्लोबिन खरोखर कमी असलेल्या शंभरांपैकी किती जणांना यंत्राने पकडले, ही त्याची संवेदनशीलता. पुरेसे असलेल्या शंभरांपैकी किती जणांना त्याने बरोबर पात्र ठरवले, ही त्याची विशिष्टता. समजा, एका यंत्राची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९० टक्के आहे. शंभर पुरुष आले आणि त्यांतील दहांचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर आठ पकडले जातील, दोन निसटतील आणि नऊ धडधाकट पुरुष उगाच परत जातील. शंभर स्त्रिया आल्या आणि त्यांतील पन्नास जणींचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल, तर त्याच यंत्राच्या हातून दहा जणी निसटतील. यंत्र तेच, टक्केवारी तीच, पण इजा पाचपट. त्यामुळे स्त्री-पुरुषांचे निकाल एकत्र करून काढलेली एकच टक्केवारी परिषदेने स्वीकारू नये. अभ्यासात किती माणसे घेतली, यापेक्षा कमी हिमोग्लोबिन असलेली किती घेतली हेही विचारावे. कारण अशा वीस जणांपैकी सोळा पकडले म्हणून ८० टक्के म्हटले, तर खरे प्रमाण ५६ ते ९४ यांत कुठेही असू शकते, आणि दोनशे जण असतील तर तोच अंदाज ७४ ते ८५ इतका आवळला जातो.

शिबिरातील एक सवय मूल्यमापनात हमखास सुटते. आकडा साडेबाराच्या जरासा खाली आला की दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिले जाते, आणि दात्याचा उत्साह पाहता ते स्वाभाविकही आहे. पण कमी हिमोग्लोबिन असलेल्या दात्याला चुकून पास होण्याची शक्यता एका वेळी वीस टक्के आणि प्रत्येक वेळची चूक स्वतंत्र धरली, तर दुसऱ्या संधीसह ती ३६ आणि तिसऱ्या संधीसह ४९ टक्क्यांवर जाते. फेरचाचणी करायचीच असेल, तर ती किती वेळा, आणि दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा, हे आधी लिहून ठेवायला हवे.

सर्वात मोठी उणीव मात्र नाकारलेल्या दात्यांच्या बाबतीत राहते. दान झालेल्या प्रत्येक दात्याच्या शिरेतील नमुना तपासणीसाठी घेतलाच जातो, त्यामुळे पात्र ठरलेल्यांची यंत्रावरची नोंद प्रयोगशाळेशी ताडून पाहणे सोपे असते. परत गेलेल्यांची शीर कोणी टोचलेलीच नसते. मग जो अभ्यास केवळ दान केलेल्यांवर उभा असतो, त्याला उगाच नाकारले किती हे कधीच कळत नाही, आणि पकडायला हवे होते त्यांपैकी खरोखर पकडले किती, हेही नेमके काढता येत नाही. इंग्लंडमध्ये ‘कम्पेअर’ नावाचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच दात्यांवर निरनिराळ्या पद्धती ताडून त्या सर्वांची प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्राशी तुलना केली गेली. परभणी जिल्ह्यात याहून लहान, पण त्याच शिस्तीचा अभ्यास करण्यात अडचण नाही. दात्याची मराठीतून नीट समजावून सांगितलेली संमती घ्यावी, पात्र-अपात्र प्रत्येकाचा शिरेतील नमुना रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घ्यावा, तो त्याच दिवशी परभणीच्या प्रयोगशाळेत रक्तपेशीगणक यंत्रावर तपासावा, तपासणाऱ्याला शिबिरातील आकडा माहीत नसावा, आणि काही नमुने मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेसारख्या संदर्भ संस्थेकडे पडताळणीसाठी जावेत. मोरचुदाची चाचणीही याच दात्यांवर सोबत करावी, म्हणजे नवे साधन जुन्याहून खरोखर किती बरे, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. असा अभ्यास एकदा फेब्रुवारीत आणि एकदा एप्रिल-मे महिन्यात झाला पाहिजे. हिवाळ्यातील एका निकालावर मराठवाड्याच्या उन्हाळ्याची खरेदी करणे योग्य नव्हे. मानवतच्या बाजारात कापसाची गाडी ज्या काट्यावर चढते, त्या काट्याची वैधमापन विभागाकडून ठराविक मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. रक्तदात्याच्या थेंबासाठी तेवढीही सोय नसावी, हे पटण्यासारखे नाही. मान्य झालेल्या यंत्रांची दर शिबिराच्या सुरुवातीला नियंत्रण-द्रावणाने तपासणी व्हावी आणि तिची नोंद रक्तकेंद्राच्या परवाना-तपासणीत पाहिली जावी.

साडेबाराच्या रेघेबद्दलही विचार करण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे १३ ग्रॅमच्या खालचा प्रौढ पुरुष रक्तक्षयाचा मानला जातो, तर आपल्या नियमानुसार १२.६ ग्रॅमचा पुरुष रक्तदानास पात्र आहे. अमेरिकेने २०१६ पासून पुरुषांसाठी १३ ग्रॅमची अट केली आहे. हा नियम बदलणे राज्य परिषदेच्या हातात नाही, परंतु परभणीसारख्या जिल्ह्यात गोळा झालेले खरे आकडे राष्ट्रीय परिषदेपुढे ठेवणे तिच्या हातात आहे.

आणि परत पाठवलेल्या दात्याचे काय, हा प्रश्न यंत्राच्या मूल्यमापनाचाच भाग मानला जावा. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात तपासणी, उपचार आणि समुपदेशन एकत्र बांधलेले आहेत. रक्तदान शिबिरात मात्र तपासणी होते आणि साखळी तिथेच तुटते. कमी आकडा आलेल्या प्रत्येकाला तो आकडा, यंत्राचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी मिळावी, शिरेतील रक्ताची खात्रीची चाचणी ग्रामीण रुग्णालयात मोफत व्हावी, लोहाच्या गोळ्या लागल्या तर त्या तिथेच मिळाव्यात, आणि तीन-चार महिन्यांनी त्याला पुन्हा बोलावले जावे. शिबिरागणिक किती जणांना नाकारले, त्यांतील किती जणांची खात्रीची चाचणी झाली आणि त्यांतून किती जणांना उगाच नाकारले होते असे निघाले, हे तीन आकडे यंत्राच्या नावासह परिषदेने दर सहा महिन्यांनी जिल्हावार प्रसिद्ध करावेत, आणि त्याची सुरुवात परभणी जिल्ह्यातून येत्या उन्हाळ्यापूर्वी करावी, ही विनंती.



मानवत, जि. परभणी